एकाच पायाचं पायतण

पावसाळ्याचे चार महिने आमच्या घरात चूल दिवसातून एकदाच पेटायची. कातडं ओलं राहिलं की नीट कापता येत नाही, आणि नेटानं कापून शिवलंच तर चपलेला बुरशी येते. म्हणून जून लागला की वडील कातडं कापायची रापी आणि टोचायची आरी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायचे आणि मिळेल त्या बांधकामावर जायचे. आई घरात बसून पुढच्या हंगामासाठी वेण्या घालायची. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर बारीक चामड्याची वेणी असते ना, ती. दोऱ्याएवढ्या पातळ वाद्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि हात चाललेले. त्या वाद्यांनी तिच्या बोटांना चिरा पडायच्या. कालवणात मीठ टाकताना ती हात झटकायची आणि आम्हाला म्हणायची, "बघताय काय, जेवा."

कोरड्या दिवसांतही फार बरं होतं असं नाही. बाजारात रेक्झिनच्या चपला आल्या, मग चांगलं कातडं मिळेनासं झालं, आणि पेठेतला दुकानदार सांगेल तो भाव. शाळेत माझ्या शेजारची मुलगी रुमाल नाकाला लावायची. वास खरंच यायचा, त्यामुळे तिचा मला राग नव्हता. राग होता तो मास्तरांचा. ते तिला जागा बदलून द्यायचे.

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी मान वर करून लिहिते, कारण त्यात कुणाची मेहेरबानी नव्हती. इतिहास घेऊन बी.ए. केलं. दुसऱ्या वर्षाला असताना ग्रंथालयात बायबलच्या काळातल्या रोजच्या जगण्यावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाताला लागलं. त्यात एका पानावर वहाणेचं चित्र होतं. चामड्याचा तळ, दोन बोटांमधून वर आलेली वादी, आणि ती वादी थेट घोट्याला गुंडाळलेली. बाजूनं पाय धरणारे कान नाहीत, टाचेला धरून ठेवणारं काही नाही. मी चित्राकडे बघितलं आणि म्हटलं, ही पायात राहायची नाही. दहा पावलं टाकली की तळ बाजूला पळणार.

चित्राखालचा मजकूर मात्र मी तीनदा वाचला. त्या काळात पवित्र जागी पाऊल टाकण्याआधी वहाणा काढायला सांगत. पाहुण्याच्या वहाणेची वादी सोडणं हे घरातल्या सगळ्यात खालच्या चाकराचं काम. शोक करणारा अनवाणी चाले, लढाईत पकडलेल्यालाही अनवाणी चालवत. गरिबाला वहाणांच्या एका जोडापायी विकतात म्हणून एक संदेष्टा संतापला होता. आणि जमिनीचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर माणूस पायातली वहाण काढून त्याच्या हातात देई. लिहिणाऱ्याला हे सगळं माहीत होतं. चप्पल कशी करतात तेवढं माहीत नव्हतं.

तिथून धरलेला धागा मला नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या विद्यापीठापर्यंत घेऊन आला. शिष्यवृत्ती दोन वर्षांची, शेवटी प्रबंध. विषय बायबलमधली पायतणं. हे ऐकलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, आणि तो मराठी असो की डच, शब्द तेवढे बदलतात: तू ख्रिश्चन आहेस का? नाही. मग? मग काय, मी चपला करणाऱ्यांची मुलगी आहे. यावर मराठी माणूस गप्प होतो आणि डच माणूस म्हणतो, किती सुंदर! या दोन्हींतलं कुठलं जास्त चीड आणतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या मार्गदर्शक बाई पन्नाशीच्या, उंच, सायकलवरून येणाऱ्या, भिजलेला कोट खुर्चीवर टाकून थेट मुद्द्यावर बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला नावानेच हाक मार. मला ते जमेना. आणि प्रोफेसर म्हटलं की त्यांना आवडेना. म्हणून दीड वर्ष मी त्यांना कसलीच हाक मारली नाही. ईमेलची सुरुवात "शुभ सकाळ" अशी करायची आणि दुपारी पाठवायची असेल तर सकाळपर्यंत थांबायची.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझं लाडकं होतं. बायबलच्या जुन्या करारात एक गोष्ट आहे. एक माणूस मरतो, मागे शेत आणि विधवा सून राहते. शेत सोडवून घ्यायचा आणि त्या सुनेला घरात घ्यायचा पहिला हक्क सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचा. तो गावाच्या वेशीत, दहा पंचांसमोर नाही म्हणतो, पायातलं पायतण काढतो आणि हक्क घ्यायला तयार असलेल्या दुसऱ्या नातेवाइकाला देतो. व्यवहार पक्का. गोष्ट सांगणारा मधेच थांबून समजावतो की पूर्वी आपल्याकडे अशी रीत होती, म्हणजे त्याच्या काळापर्यंत लोक ती विसरलेही होते. मी चाळीस पानं लिहून मांडलं होतं की जो माणूस हक्क सोडतो तो त्या वेशीतून अनवाणी घरी जातो. शोक करणारा अनवाणी, कैदी अनवाणी, तसाच हाही अनवाणी. गावासमोर तो स्वतःला उणा करून घेतो. मला ते फार पटलं होतं. लिहिताना रडूही आलं होतं.

मे महिन्याच्या शेवटी प्रकरण परत आलं. पहिल्या पानावर बाईंची टीप होती: "दुसरी वहाण कुठून आली?"

मला प्रश्नच कळला नाही. मी हिब्रू मजकूर उघडला आणि चूक समोरच दिसली. हिब्रूत संस्कृतसारखं द्विवचन आहे. डोळे, हात, पाय, वहाणा, अशा जोडीनं येणाऱ्या गोष्टींना दोनचं वेगळं रूप. त्या चिडलेल्या संदेष्ट्याच्या तोंडी ते रूप आहे. या गोष्टीत नाही. इथे वहाण एकच, स्पष्ट एकवचनी. माणसानं एक वहाण काढली आणि एक दिली. दुसरी त्याच्या पायातच होती.

आणि मला हिब्रू येत होतं हो! परीक्षा पास झाले होते. पण टिपणं मी मराठीत काढते, आणि पहिल्या वर्षी काढलेल्या टिपणांत मी लिहिलं होतं: "जोडा काढून दिला." जोडा. आपल्याकडे एका पायातलाही जोडा आणि दोन मिळूनही जोडा. नवरा-बायकोचासुद्धा जोडाच. वर्षभरानं त्या टिपणांवरून इंग्रजी लिहायला बसले तेव्हा माझ्या डोक्यात जोडा म्हणजे दोन, आणि मी सरळ "पेअर" लिहून मोकळी झाले. जगात दुसऱ्या कुठल्या भाषेच्या माणसानं ही चूक केली नसती. जिच्या घरात दिवसभर "चार जोड झाले, सहा जोड राहिले" असं बोललं जातं, तिनंच ती केली.

बाईंना मी कारण सांगितलं. त्यांना गंमत वाटली.

"हे फार रंजक आहे," त्या म्हणाल्या. "पण प्रकरण पडलं. अनवाणी माणूस नाहीच आहे. एक पाय अनवाणी असलेला माणूस आहे, आणि त्याबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस."

"मी पुन्हा लिहीन."

"जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं द्यायचं आहे. मुदत वाढणार नाही, तुझी शिष्यवृत्तीही संपते. माझं ऐक. हे प्रकरण काढून टाक आणि त्याऐवजी प्रस्तावनेत तुझ्या कुटुंबाबद्दल लिही. तुझी आई, तिचे हात. ते खूप परिणामकारक होईल."

तीन आठवडे. तिसऱ्या प्रकरणाशिवाय प्रबंध म्हणजे इतरांनी लिहिलेल्याची उजळणी होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तसा प्रबंध काठावर पास झाला असता किंवा झालाही नसता. मी बाहेर आले, सायकलची चेन पडलेली होती, पाऊस तिरका लागत होता, आणि चेन बसवताना काळ्या झालेल्या बोटांकडे बघून मला एवढंच सुचलं की आईचे हात प्रस्तावनेत बरे दिसतील. मग स्वतःचीच चीड आली.

त्या रविवारी आइंडहोवनला एका ओळखीच्या मराठी जोडप्याकडे नव्या घराची पूजा होती. दोघंही पुण्याचे, चिप बनवणारी यंत्रं करणाऱ्या कंपनीत. जायचं मनात नव्हतं, पण पुरणपोळी होती. दाराशी तीस-चाळीस माणसांचे बूट, सँडल, मुलांच्या पावसाळी बुटांचा ढीग. यजमान हसत म्हणाले, "ये ये, तुझा अभ्यासाचा विषय दारातच मांडून ठेवलाय!"

सगळे हसले, मीही हसले. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट पुढे झालं. जेवताना शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, "घरी वडील काय करतात गं?"

"चपला करतात."

"अय्या, ब्रँड आहे का तुमचा?"

"नाही. हातानं करतात. घरी."

काकूंचा घास क्षणभर थांबला. मग एकदम उजळून म्हणाल्या, "अगं, कोल्हापुरीला आता बाहेर काय डिमांड आहे! ऑनलाइन विका की. आणि आडनाव काय म्हणालीस तू?"

"आडनावावरून जे कळणार ते मी आत्ताच सांगितलं, काकू."

पलीकडे बसलेला एक तरुण पानात बघून हसला. काकूंनी मला आग्रहानं आणखी एक पोळी वाढली, आणि वर तूपही जास्त घातलं. काही बोलायचं राहिलं की आपल्याकडे तूप जास्त पडतं. त्यांची मुलगी, आठ-नऊ वर्षांची, मराठी समजणारी पण डचमध्ये उत्तर देणारी, तिनं मात्र सरळ विचारलं की चप्पल शिवायला किती वेळ लागतो. मी सांगितलं, दोन दिवस. ती म्हणाली, तेवढ्यात माझा पाय वाढेल. त्या दिवसातलं तेवढंच एक बोलणं मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आईला फोन लावला. तिकडे दुपार, आई जेवून पुन्हा वेणीला बसलेली. व्हिडिओत तिचा फोन नेहमी पिंपाला टेकवलेला असतो, त्यामुळे मला अर्धी आई आणि अर्धं पिंप दिसतं.

"काय गं, तोंड का असलं?"

मी सगळं सांगितलं. वेस, पंच, पायतण, जोडा. माझी चूक ऐकून ती एवढी हसली की आतून वडील बघायला आले.

"आगं, पोरीला जोड मोजता येईना!" ती त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "एकच दिलं म्हंतीस? डावं का उजवं?"

"ते लिहिलेलं न्हाई."

"न्हाई? आन् ज्यानं लिवलं त्यानं ईचारलं पन न्हाई? मग त्येला पायतनातलं काय बी कळत नव्हतं बघ."

"आई, मुद्दा तो न्हाई. एकच पायतण देऊन काय उपयोग? देणाऱ्याला चालता येत न्हाई, घेणाऱ्याला घालता येत न्हाई."

आईनं हातातली वेणी खाली ठेवली. ती वेणी खाली ठेवते तेव्हा तिला राग आलेला असतो किंवा काही पक्कं सांगायचं असतं.

"घालायसाठी कोन देतंय? ती खूण हाय. लांबचं गिऱ्हाईक माप म्हनून एकच जुनं पायतान धाडतंय का न्हाई? दुसरं आपल्या घरात ठेवतंय. मग नवा जोड न्यायला कोन बी आलं आन् म्हनालं मला धाडलंय, तर तुझा बा काय म्हंतो? दुसरं दाखव. ते ह्याला जुळलं तरच माल द्यायचा."

"पण सारख्याच घडणीचं दुसरं कुणाचं आणलं तर?"

"कुनाचं बी आन की. माझ्या हातची एक येनी दुसऱ्या जोडाच्या येनीला जुळत न्हाई. एका बैठकीत दोनी घालायच्या, एकाच कातड्याच्या. दुसऱ्या दिवशी हात दुसरा असतो. दोनी पायतानं शेजारी ठेवली की कळतंय, ही भनी हायत का शेजारनी." आणि पुढे म्हणाली, "तुज्या त्या मानसानं पावती दिली गं. हाताची पावती. एक ह्याच्याकडं, एक त्याच्याकडं. उद्या दोघांतलं कोन बी न्हाई म्हनू शकत न्हाई."

मी तिला पुन्हा एकदा सगळं बोलायला लावलं आणि शब्द न् शब्द लिहून घेतला. ती वैतागली. "एवढी शिकलीस, एकदा सांगून कळत न्हाई व्हय?"

पुढचे दहा दिवस मी घराबाहेर फक्त ग्रंथालयासाठी पडले. चाळीस पानं फेकली, बावीस लिहिली. गोष्ट सांगणारा स्वतः या रीतीला व्यवहार पक्का करण्याची खूण म्हणतो, आणि आईचं म्हणणं तिथे नेमकं बसत होतं. वहाण देण्यात मानहानी आहे असं मानणारे विद्वान होते, वहाण म्हणजे जमिनीवर टाकलेलं मालकीचं पाऊल असं मानणारेही होते. पण हातानं केलेली एक वहाण म्हणजे अर्धी जोडी, आणि तिचा दुसरा अर्धा भाग नकली करता येत नाही, हे मला कुठंच लिहिलेलं सापडलं नाही. लिहिणार कोण? हे समजायला घरात दोन पायतणं शेजारी ठेवून बघणारं माणूस लागतं. तळटीपेत मी आईचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे व्यवसाय, अनुभवाची वर्षं आणि फोनवर बोलल्याची तारीख.

बाईंनी ते वाचून मला बोलावलं. त्या खूश होत्या. खरंच खूश होत्या, आणि म्हणूनच मला पुढचं सहन झालं नाही.

"हे उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "आईचा भाग प्रस्तावनेत घे. तळटीपेत नको."

"का?"

"कारण हा किस्सा आहे. आधार नाही."

"पहिल्या प्रकरणात मी एका डच कारागिराचा आधार दिलाय," मी म्हटलं. "रोमन वहाणा हातानं करून बघणारा. त्याच्याशी झालेलं बोलणं तळटीपेत आहे. तुम्हीच मला त्याचा पत्ता दिला होता."

"तो प्रयोग करतो. तज्ज्ञ आहे."

"तो शनिवार-रविवारी करतो. माझी आई तीस वर्षं रोज करते."

त्यांनी ते पान उघडून तळटीपेवर बोट ठेवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मला तुझा अपमान करायचा नाहीये. पण परीक्षक विचारेल, हे कुणी तपासलं? मी काय सांगू? विद्यार्थिनीची आई म्हणते?"

मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, कारण त्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि बरोबर प्रश्नाचा मला जास्त राग येतो. बरं, प्रस्तावनेत घालायला काय हरकत होती? पुष्कळ हरकत होती. प्रस्तावनेत आभार मानतात. तिथे आई म्हणजे हात, चिरा, गरिबी. वाचणारा हळवा होतो आणि पान उलटतो. वाद घालायचा तो माणूस तळटीपेत असतो. माझ्या आईशी कुणीतरी वाद घालावा, एवढंच मला हवं होतं. मी म्हटलं, उद्या तपासून दाखवते.

दुसऱ्या दिवशी पिशवीत चपलांचे चार जोड घेऊन गेले. दोन माझे, आईनं एकाच मापाचे, एकाच नमुन्याचे, एकाच रंगाचे दिलेले. उरलेले दोनही तिच्याच हातचे, तसेच. युट्रेख्टमधल्या दोन मराठी मैत्रिणींना मी भारतातून आणून दिले होते, ते सकाळी सायकलवर फिरून मागून आणले. सगळे फारसे न वापरलेले, कारण या हवेत कोल्हापुरी घालणार कधी? तळाला आतून खडूनं आकडे लिहिले, कुठला कुणाचा जोडीदार ते एका कागदावर लिहून कागद घडी घालून बाईंच्या हातात दिला. मग आठही चपला त्यांच्या टेबलावर उलटसुलट मांडल्या. त्यांनी आपला कॉफीचा कप उचलून खिडकीत ठेवला.

"जोड्या लावा," मी म्हटलं.

त्यांनी मनापासून प्रयत्न केला. चष्मा काढला, घातला, उजेडात धरून बघितलं. डावी-उजवी वेगळी केली आणि मग अडकल्या. चारांपैकी एक जोडी बरोबर लागली, तीही अंदाजानं, असं त्या स्वतःच म्हणाल्या. मी टेबलावरच्या चपलांचा क्रम पुन्हा बदलला आणि आईला फोन लावला. तिला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती चांगलं पातळ नेसून बसली होती आणि पिंपाच्या जागी मागे धुतलेली चादर टांगली होती.

"नमस्कार करते म्हनावं बाईस्नी," ती म्हणाली. बाईंनीही हात जोडले.

मी एकेक चप्पल कॅमेऱ्याजवळ धरली. आई फोनमध्ये नाक घालून बघत होती.

"जवळ आन. आणखी जवळ. येनी दाव, तळ नगो. हां. आता दुसऱ्या दाव डाव्या. ही न्हाई. ही न्हाई. थांब, ही. ह्या दोघी भनी."

बाई कागदाची घडी उघडून आकडा बघत होत्या. बरोबर.

"हिची जोड... ती न्हाई, तिच्या शेजारची. हिला तिसऱ्या पेडाला गाठ मारल्याली हाय, वादी तुटली हुती त्या दिवशी. बघ, दोनीला हाय. एकीला मारली म्हनून दुसरीला मुद्दाम मारली, न्हाईतर एक पाय वरचढ दिसतो."

बरोबर. तिसरीही बरोबर, आणि तीन लागल्यावर चौथी उरलेलीच. सगळं मिळून पाचेक मिनिटं लागली असतील. बाईंनी गाठ शोधली, बोटानं चाचपली, आणि कागद टेबलावर ठेवला.

"तिला विचार," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कारागिराची चप्पल मधे मिसळली असती तर?"

मी विचारलं. आईनं मला असं उत्तर दिलं की त्याचं मी भाषांतर केलं नाही. बाईंना सांगितलं, ती म्हणते ते तर सोपं आहे.

बाई हसल्या. मग हसू आवरून त्यांनी वही ओढली आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "कशी केलीस चाचणी ते पद्धत म्हणून एक पान लिही. फोटो जोड. किती जोड, कोणी लावले, किती चुकले, माझे चुकलेले पण लिही. मग ती तळटीपेत राहील. पण दुसरा परीक्षक मला माहीत आहे. 'कदाचित' हा शब्द घालावा लागेल."

"किती वेळा?"

"तो समाधानी होईपर्यंत."

दुसरे परीक्षक एका दुसऱ्या विद्यापीठातले, काटेकोर गृहस्थ. त्यांनी चार ठिकाणी "कदाचित" मागितलं. आजच्या कोल्हापूरच्या चपलेवरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या वेशीतल्या पायतणाबद्दल किती बोलता येईल, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. पण ज्यांनी कधी वादी हातात धरली नाही त्यांच्या अंदाजांपुढे "कदाचित" लिहा असं त्यांनी कुणाला सांगितलेलं मला दिसलं नाही, आणि तोंडी परीक्षेत मी ते म्हणाले. त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला: आईला असं का वाटतं की देणारा दुसरी वहाण जपून ठेवत असेल? तो ती फेकूनही देऊ शकतो. मी उत्तर दिलं. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. मग त्यांनी आणि बाईंनी माझ्यासमोर सात-आठ मिनिटं आईच्या मुद्द्यावर वाद घातला, तिचं आडनाव चुकीचं उच्चारत. मी उच्चार दुरुस्त करून दिला.

दहापैकी सात गुण मिळाले. नेदरलँड्समध्ये सात चांगले, असं मला सगळ्यांनी सांगितलं. आई म्हणाली, "तीन कुटं गेले?" तिला समजावताना मी पुन्हा वैतागले.

प्रबंध मान्य झाला. पदवी मिळाली. तिसऱ्या प्रकरणातल्या अकराव्या तळटीपेत आईचं पूर्ण नाव छापलेलं आहे, पुढे "चर्मकारागीर, वेणीकाम, तीस वर्षे", आणि तिच्या म्हणण्यावरचा दुसऱ्या परीक्षकांचा आक्षेप नोंदवणारी बारावी तळटीप त्याच पानावर आहे.